ठकीच्या तारखा

४ मार्च

आधी मला एक सांगा. कुत्री आणली नातीनं, लाड करतो मुलगा, फोटो काढते सून, आणि फरशी कुणी पुसायची? मी. गुडघे गेलेत कामातून, तरी पाच दिवस झाले, पहाटे सगळे उठायच्या आत ओला फडका घेऊन त्या ठकीच्या मागं मागं फिरतेय. इथं थेंब, तिथं थेंब. कोचापाशी, बुटांपाशी, दाराच्या चौकटीत. घरात पुरुषमाणूस आहे, सकाळी चहाचा कप घेऊन फिरताना असलं काही त्याच्या पायाखाली यायला नको. म्हणून कुणाच्या नजरेला पडायच्या आत सगळं लख्ख. पाच दिवस कुणाला पत्ता लागू दिला नाही. आज मेला एक थेंब सुनेच्या पांढऱ्या पायपुसण्यावर पडला आणि बोभाटा झाला.

हं. तर नमस्कार, वही. तुला मी आणलेली नाही. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी आणायला लावली. दुपारी तिघं गेलो होतो, मी, मुलगा आणि ठकी. (नातीनं तिचं काहीतरी विलायती नाव ठेवलंय. ते म्हणायचं तर माझी कवळी बाहेर येते. मी ठकी म्हणते, तीही येते.) नात शिकायला परगावी गेली आणि दहा महिन्यांचं हे बोचकं आमच्या दारात ठेवून गेली. जाताना म्हणाली, "हिची पिशवी काढून घ्यायची आहे, बाबा बघतील." बाबा काय बघणार? बाबाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ती माजावर आलीय, आता लगेच पिशवी काढता येणार नाही. आतल्या शिरा फुगलेल्या असतात, रक्त फार जातं. हे सगळं उरकून साधारण तीन महिने लोटले की मग. म्हणून तारखा नीट हव्यात. पहिले आठ-नऊ दिवस ती कुणाला जवळ येऊ देणार नाही, पण नवव्या-दहाव्यापासून पुढं दोन आठवडे डोळ्यांत तेल घालून सांभाळायचं. एवढीशी आहे, शेजारच्या दांडग्या कुत्र्याची पिल्लं पोटात राहिली तर जिवावर बेतेल.

"कधीपासून जातंय?" त्यांनी विचारलं. मुलगा तिथंच उभा. त्याच्यासमोर असलं काय बोलायचं? म्हटलं, "आजच दिसलं."

"मग आज पहिला दिवस. घरी जास्त वेळ कोण असतं?"

मुलानं माझ्याकडं बोट केलं. चौथीत माझी शाळा सुटली, त्यानंतर सही सोडून फारसं काही लिहिलेलं नाही. आता कुत्रीच्या पाळीचं लिहायला बसलेय. शिक्षणाचं चीज झालं म्हणायचं.

पहिला दिवस : ४ मार्च. लिहिलं.

५ मार्च

शेजारच्या शिंपीबुवांनी ठकीला लंगोट शिवून दिला. शेपटीला भोक ठेवलंय, काठाला रबर. माप घेताना टेप तोंडात धरून म्हणतात कसे, "आजी, कंबर चौदा. या गल्लीत इतकी बारीक कंबर दुसरी नाही." त्यांच्या बायकोनं आतून भांडं आपटलं. दांडगा कुत्रा त्यांचाच. काळ्या. दिवसभर यंत्राखाली पाय पसरून पडलेला असतो, ठकी समोर आली की मात्र उठून उभा राहिला. ठकीनं त्याला दात दाखवले. शाब्बास.

८ मार्च

रंग फिका पडलाय. आधी लाल होतं, आता गुलाबी पाणी. संपत आलं वाटतं. बरं झालं, फडके धुवून धुवून हात सोलले. ठकी मात्र विचित्र वागते. पाठीवरून हात फिरवला की शेपटी एका बाजूला करून खांबासारखी उभी राहते. लाडावलीय.

पाचवा दिवस. अजून चार दिवस निवांत.

९ मार्च

काय लिहू.

सकाळी लंगोट धुवून दोरीवर टाकला आणि तिला मागच्या अंगणात मोकळी सोडली. सहावा दिवस, म्हटलं हुंदडू दे जरा. मी चिमटे लावत होते. मागं वळून बघते तर काळ्या भिंतीवरून आत आणि दोघं अडकलेली. ठकी माझ्याकडं बघत होती. ओरडत नव्हती, नुसती बघत होती.

मी ओरडले. शिंपीबुवा कात्री घेऊनच धावत आले. म्हटलं, "कात्री काय कापायला आणलीय?" त्यांनी काळ्याला ओढायला हात घातला, मी तो हात झटकला. "ओढू नका, पोरगी फाटेल. उभे राहा गप." मी ठकीचं डोकं दोन्ही हातांत धरून फरशीवर बसले. किती वेळ ते माहीत नाही. चहा गार झाला एवढं खरं.

सुटल्यावर ती स्वतःला चाटत बसली. शिंपीबुवा मान खाली घालून म्हणाले, "आजी, सहावा दिवस म्हणत होता ना तुम्ही? आमच्या काळ्याला दिवस मोजता येत नसतील, पण चूक त्याची होत नाही."

ते गेले. मी वही उघडून पहिलं पान वाचलं. मीच लिहिलंय. पाच दिवस झाले, पुसतेय.

आज सहावा नव्हता. अकरावा होता.

११ मार्च

काल दिवसभर कुणाला काही सांगितलं नाही. आज मुलगा कामावर गेल्यावर ठकीला घेऊन एकटीच दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. पुसण्याचं, मुलासमोर लाजले त्याचं, रंग फिका झाला म्हणून खूश झाले त्याचंसुद्धा.

त्या हातमोजे काढत म्हणाल्या, "आजी, तुमची फरशी स्वच्छ राहिली आणि माझं गणित बिघडलं."

"रागवा की," म्हटलं.

"रागावून ते दिवस परत येतात का?"

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला उत्तर तरी देता आलं असतं.

आता असं आहे. पिल्लं राहू नयेत म्हणून एक इंजेक्शन असतं, पण त्यानं पिशवीत पू व्हायची भीती. पोट उघडायचं तर शिरा फुगलेल्या. म्हणून चार आठवडे थांबायचं, मग मशीन लावून पोटात बघायचं. काही असेल तर तेव्हाच ठरवायचं. नसेल तर पूर्ण तीन महिने जाऊ द्यायचे. मधल्या काळात पाणी फार प्यायला लागली, खाणं टाकलं, खालून घाण वास आला तर त्याच दिवशी उचलून आणायची, तासाचाही उशीर नको.

वहीतला ४ मार्च खोडला. त्यावर २७ फेब्रुवारी लिहिलं. संध्याकाळी मुलाला आणि सुनेलाही सांगितलं. मुलगा म्हणाला, "आई, अगं मला सांगायचं ना, मी काय लहान आहे?" मी म्हटलं, "लहान नाहीस म्हणूनच नाही सांगितलं."

२३ मार्च

थेंब बंद होऊन दोन दिवस झाले. लिहिलं.

पाण्याचं भांडं सकाळी काठोकाठ भरते आणि संध्याकाळी किती उरलं ते बोट बुडवून बघते. दोन पेरं. कालही दोन. सून म्हणते, "आई, तुम्ही स्वतःच्या बीपीची गोळी इतक्या नेमानं घेत नाही." गोळीला कोण विचारतंय.

८ एप्रिल

पोटावरचे केस भादरून, गार चिकट मलम लावून मशीन फिरवलं. पडद्यावर नुसतं राखाडी धुकं. डॉक्टरीणबाईंनी तीनदा फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "काही नाही. रिकामं आहे."

मुलानं मोठा श्वास सोडला. सुनेनं तिथूनच नातीला फोन लावला. मी म्हटलं, चला, सुटलो. जिवावरचं टळलं. दुसरं काय हवं?

घरी आल्यावर कपाटातली ती जुनी चादर परत घडी घालून वर ठेवली. चार तुकडे करून ठेवले होते, टोकं शिवून. उगीच. लागली असती तर लागली असती. सुनेनं विचारलं, कशाचे तुकडे? म्हटलं, पुसायला.

२६ एप्रिल

माझा लोकरीचा डावा मोजा तीन दिवस सापडत नव्हता. आज कोचामागं सापडला. ठकी त्याच्याभोवती वेटोळं घालून पडलीय आणि त्याला चाटतेय. काढायला गेले तर गुरगुरली नाही, मोजा तोंडात धरून हळूच दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. पुन्हा वेटोळं.

पोटाखाली हात घातला. सगळ्या गाठी टणक, फुगलेल्या. जरा दाबलं तर पांढरा थेंब.

पिल्लू नाही आणि दूध आलंय. मोज्यासाठी.

मी फडका कोमट पाण्यात बुडवून तिला शेकत बसले. ती डोळे मिटून पडून राहिली.

३० एप्रिल

घरात माझ्याविरुद्ध कट शिजलाय. नातीला रजा मिळालीय, दोन ते सहा मे. तिनं तिकडून फोनवर फोन करून मुलाच्या ऑफिसजवळच्या दुसऱ्या दवाखान्यात चार तारीख घेऊनसुद्धा टाकली. आपल्या डॉक्टरीणबाईंना विचारलंही नाही. म्हणे, "दोन महिने झाले की आजी, मी असतानाच होऊन जाऊ दे. मला तिच्याजवळ बसता येईल."

मी म्हटलं, "तिला दूध आलंय."

"मग काय झालं?"

"मग थांबायचं."

"आजी, कुत्री माझी आहे."

"मग ये आणि पूस."

तिनं फोन ठेवला. मुलगा म्हणाला, "आई, तू पण ना. एकदा मिळालेली तारीख पुन्हा मिळत नाही. तिथला डॉक्टर मोठा आहे, त्याला कळतं सगळं. त्यांना फक्त पाळीच्या तारखा हव्यात, वहीतल्या. तेवढ्या देशील ना?"

देते की. वही टेबलावरच असते. मी काय लपवून ठेवते?

१ मे

पहाटे ठकीला घेऊन दोन गल्ल्या चालत आपल्याच दवाखान्यात गेले. उघडायच्या आधीच पायरीवर बसून राहिले. डॉक्टरीणबाई आल्या, पोट बघून म्हणाल्या, "याला खोटं बाळंतपण म्हणतात. शरीराला वाटतंय पिल्लं झाली. तुम्ही शेकलंत का?" म्हटलं, हो. म्हणाल्या, "बंद करा. हात लावाल तितकं दूध येईल."

हे मला ठाऊक नसावं? मला?

म्हणाल्या, आता पिशवी काढली तर हे दूध महिनोनमहिने रेंगाळतं, तीही झुरते. आटू द्या. खाणं थोडं कमी करा, फिरवा भरपूर, मोजा काढून घ्या. आटल्यावर आणखी दोन-तीन आठवडे जाऊ द्या आणि मग या.

परत आले आणि लिहायला बसले. घरात कुणी नाही, म्हणून हेही लिहून टाकते, एकदाच.

माझ्या वेळी मला कुणी तारीख विचारली नव्हती. धाकटा तीन महिन्यांचा होता. धाकटा म्हणजे हाच, जो त्या चार तारखेसाठी अडून बसलाय. सकाळी सासूबाई म्हणाल्या, गाडी आलीय, चल, आज तुझं ऑपरेशन. ठरलं होतं म्हणे. कुणी ठरवलं, मला काय माहीत. पोर त्यांच्याकडं ठेवलं. मोठ्या खोलीत बारा खाटा. पोटाला टाके आणि वर छाती दगड झालेली. सात दिवस. पोलकं भिजायचं, वाळायचं, कडक व्हायचं, पुन्हा भिजायचं. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तिचा टॉवेल दिला दाबून धरायला. नाव विचारायचं राहून गेलं तिचं. घरी आले तर पोर बाटलीवर रुळलेलं. छातीशी धरलं तर त्यानं तोंड फिरवलं. झालं. त्यानंतर कधी प्यायलाच नाही.

त्यात कुणाची चूक, असं नाही. ऑपरेशन हवंच होतं, पाचवं मूल मलाही नको होतं. थोडं थांबता आलं असतं, एवढंच.

असो. लिहिता लिहिता दूध उतू गेलं. शेगडी घासायची आहे.

२ मे

सुनेनं काल संध्याकाळी वही घेऊन तारखा उतरवून घेतल्या. बराच वेळ लागला तिला, चारच तर तारखा. नंतर डोळे लाल दिसले. म्हणाली, कांदा चिरत होते. कांदे संपलेत म्हणून दुपारी तीच ओरडत होती.

आज सकाळी मुलानं त्या मोठ्या दवाखान्याला फोन करून तारीख रद्द केली. मी काही बोलले नव्हते. सुचली बुवा अक्कल एकदाची. संध्याकाळी माझ्या पलंगावर येऊन बसला, उगीचच. म्हटलं, "काय हवंय?" म्हणाला, "काही नाही." तरी बसूनच. मग माझा हात घेतला आणि बोटं मोजल्यासारखी चाळवत राहिला. म्हटलं, "ताप आलाय का तुला?" कपाळ गार होतं.

नात रात्रीच्या जेवणाला पोहोचली. फुगलेली. माझ्याशी बोलली नाही.

६ मे

अजून अबोला. पण ठकीनं तिची फजिती केली. तिला बघून नाचली, लोळली, अंगावर उड्या मारल्या, आणि मधेच थबकून, काहीतरी विसरल्यासारखी, धावत कोचामागं गेली. नात वाकून बघते तर मोजा. (काढून घ्यायचा होता मी. उद्या उद्या करत राहिले.) नात तिथंच जमिनीवर आडवी झाली, तिच्या नाकाजवळ नाक. दोघी तासभर तशाच. मी शेजारून चालत गेले तरी उठल्या नाहीत.

"आजी," ती कोचामागूनच म्हणाली, "मोजा काढला तर रडेल का गं ती?"

"दोन दिवस."

"मग?"

"मग जेवेल."

थोड्या वेळानं मोजा माझ्या हातात आणून दिला. तिनंच काढला. मला जमलं नव्हतं, ते तिला जमलं.

जाताना ठकीला म्हणाली, "आजीचं ऐकायचं हं." मला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाली की काय, कोण जाणे.

२१ मे

पोट मऊ पडलं. गाठी बसल्या. दाबून नाही बघितलं, नुसता वरून हात फिरवला. दूध आटलं : २१ मे. लिहिलं.

सकाळी तिनं शिंपीबुवांच्या दुकानातून चिंधी पळवली आणि चाटली नाही, फाडली. बरी झाली कार्टी.

१० जून

आज.

उपाशी न्यायची होती. मीही नाही खाल्लं, भूक नव्हती. सून म्हणाली, "आई, उपास तिला सांगितलाय." म्हटलं, गॅस झालाय.

दवाखान्यात पोचल्यावर मदतनीस बाई कागद घेऊन आली. "ठकीचं कोण?" मी तोंड उघडलं आणि मिटलं. ज्या बाईनं मार्चात एवढा घोळ घातला, तिनं कुठल्या तोंडानं ओ द्यायची? मुलगा म्हणाला, "मी." सही केली. ठकीला आत नेलं. ती दारापाशी अडली, मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

दीड तास. मुलगा फोनवर बोटं फिरवत होता, पण पडदा काळाच होता. सून दोनदा पाणी पिऊन आली. मी काही केलं नाही. वही मांडीवर होती, ती धरून बसले.

डॉक्टरीणबाई टोपी काढत बाहेर आल्या. "आजी, तुमच्या तारखांना बक्षीस द्यायला हवं. शिरा कशा बारीक दोऱ्यासारख्या. चमचाभरही रक्त गेलं नाही."

मी म्हटलं, "बरं." उठायला गेले. मुलानं धरलं.

पुन्हा ती मदतनीस बाई आली. "ठकीचं कोण? आत या, शुद्धीवर येतेय, रडतेय." मुलगाच गेला, सही त्याची होती. बाहेर तिचं कण्हणं ऐकू येत होतं, एका सुरात. तो आतून "ओ माझं बाळ ते, ओ माझं सोनं" करतोय आणि ही थांबत नाही. शेवटी मी कुणाला न विचारता आत गेले. म्हटलं, "ए ठके. पुरे आता. लोक बघतायत."

डोळे नीट उघडले नव्हते. शेपटीचं टोक हललं. कण्हणं थांबलं.

मदतनीस बाई मुलाला म्हणाली, "अहो, मग मघाशी 'मी' काय म्हणालात?"

१४ जून

गळ्यात ते प्लॅस्टिकचं नरसाळं घातलं होतं, दाराला धडकून धडकून ठकीनं घर डोक्यावर घेतलं. शिंपीबुवांनी जुन्या चादरीच्या त्या चार तुकड्यांचं झबलं शिवून दिलं, पोटाशी बंद, पाठीवर नाड्या. नरसाळं गेलं. पैसे घेईनात. म्हणाले, "आजी, आमच्या काळ्याकडून समजा." काळ्या यंत्राखालून बघत होता. म्हटलं, "त्याचीही तारीख बघा आता." पुन्हा आतून भांडं आपटलं, या वेळी हसण्याचा आवाजही आला.

१९ जून

टाके कोरडे. सूज नाही. काल माझ्या पलंगावर उडी मारली, मारायची नव्हती, मी ओरडले, तिनं ऐकलं नाही आणि पायाशी झोपली. ढकलून देणार होते. टाक्यांना धक्का लागेल म्हणून राहू दिली.

उद्या सकाळी टाके काढायला जायचंय. मुलगा येणार, सून येणार, नात तिकडून फोनवर चेहरा दाखवणार. सगळ्यांना आत्ताच जेवताना सांगितलंय, आणि इथं लिहूनही ठेवते. ती बाई कागद घेऊन बाहेर आली आणि "ठकीचं कोण?" म्हणाली, की मुलानं खुर्चीतून उठायचं नाही. सुनेनं माझ्याकडं बघून हसायचं नाही. नातीनं फोनमधून ओरडायचं नाही.

ओ मी देणार.